दुसरा कान

बाळापूरच्या सोनारानं दीड वर्षाच्या आरोहीचा एक कान टोचला, तशी ती किंचाळून रडायला लागली. सोनारानं घाईनं तिच्यापुढं गुळाचा खडा धरला. आजीनं, गोजरबाईनं, त्याचा हात बाजूला सारला.

"गूळ नगं. रडू दे तिला."

"काहून मावशी? लेकरू लालबुंद झालं की!"

"जन्मली तवाच हिच्या हृदयाचं आपरेशन झालं. रडली की फुप्फुसातलं प्रेशर चढायचं अन् पोरगी निळी पडायची. डॉक्टर म्हणले, रडू देऊ नका. दीड वरीस आमी पाळीपाळीनं हिला खांद्यावर घेऊन फिरलो. परवा तपासून म्हणले, आता रडली तरी चालते."

गोजरबाईनं आरोहीचं तोंड उजेडाकडं वळवून नीट बघितलं.

"लालच हाय. टोच दुसरा."