सामाईक छप्पर

वाडीच्या वाटणीवरून जितेंद्रच्या बाबांचं आणि काकांचं बोलणं तुटलं. निर्मळ गावातल्या घरात मधोमध भिंत उभी राहिली, छप्पर तेवढं सामाईक राहिलं. दर वैशाखात दोघे भाऊ आपापल्या शिडीने चढून पार आढ्यापर्यंत कौलं परतायचे. काम अर्ध्या दिवसाचं, पण उतरेतो दिवे लागायचे.

“बाबा, या वयात चढू नका. आपल्या बाजूला स्लॅब टाकू,” जितेंद्र दरवर्षी विनवायचा.

“कौलांना काय धाड भरलीय?” म्हणत बाबा शिडी उचलायचे.

अठ्ठ्याण्णव साली काका गेले. तेरावं उरकल्यावर बाबा आपणहून म्हणाले, “टाक स्लॅब.”

“आता कसं पटलं, बाबा?”


“अबोला खालचा होता रे. आढ्यावर बसून बोलायचो आम्ही. आता वर चढून बोलू कोणाशी?”