नकाशावरचा डाग

सर्वांना खुल्या असलेल्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नकाशांचे डाग पुसण्यात हेमलताचा हात धरणारं कोणी नव्हतं. साफ केलेला नकाशा पाठवला, की सरकारी यंत्रं आपणहून निघत आणि जमीन नकाशाबरहुकूम करून ठेवत.

दुपारी वाडीवरचे शेतकरी धोंडिबा चिखलाने माखलेले कार्यालयात शिरले. "ताई, यंत्रांनी आमची विहीर बुजवली!"

हेमलताने सकाळचा नकाशा उघडला. वाडीजवळचा शाईचा एक गोल ठिपका तिनेच पुसला होता. तो डाग नव्हता, विहीर होती. तिने घाईघाईने अनडू दाबलं, ठिपका जागेवर आला आणि तिने नकाशा पुन्हा पाठवला.

"आता यंत्रं पुन्हा खणतील," ती कशीबशी म्हणाली.

धोंडिबा म्हणाले, "ताई, माझा भाऊ गाळ काढायला आत उतरला होता."