दहाव्या चुकीची सोय

ऑफिसातल्या संगणकांवर लिनक्सची नवी, जास्त सुरक्षित आवृत्ती आली होती आणि सिस्टमवाला तिची एकेक सोय समजावून सांगत होता. मागच्या खुर्चीत भाऊ, म्हणजे ऑफिसचे सर्वांत जुने कारकून, निवांत डुलक्या काढत होते.

"आणि ओळीनं दहा वेळा पासवर्ड चुकला, की सगळ्या फायली साफ! मग ब्रह्मदेव आला तरी परत मिळायच्या नाहीत."

भाऊंची झोप खाडकन उडाली. "बरोब्बर दहा ना?"

भाऊंचा वार्षिक अहवाल गेले दोन महिने 'होतच आला' होता. खरं तर शीर्षकापुढे एक ओळही सरकली नव्हती. उद्या तो साहेबांना द्यायचा आणि साहेबांनी त्याला आपला भाग जोडून वर पाठवायचा, असं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ सगळ्यांच्या आधी आले. मोजून दहा वेळा पासवर्ड चुकवला, चेहरा सुतकी केला आणि साहेबांची गाडी लागलेली दिसताच थेट केबिनमध्ये शिरले.

"साहेब, घात झाला! दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली!"

साहेबांनी कीबोर्डवरून मानसुद्धा वर केली नाही.

 

"जरा दम धरा, भाऊ. माझे आत्ता कुठे आठ झालेत."