तापणारं मशीन

"दाबा की जोरात, बाबा!" मोतीराम ओरडला.

गोटीरामने दाबलं. मागून चालत चालवायच्या या बेल्टच्या मशीनला उजवीकडे वळवायचं तर उजव्या मुठीखालची कळ घट्ट आवळून धरावी लागते. कळ अर्ध्यावरच राहिली. मशीन सरळ जाऊन कुंपणाच्या तारेला टेकलं.

"गवत कापायचंय बाबा, कुंपण नाय," मोतीराम हसला. अंबडला त्याचा जुनी मशीनं विकायचा गाळा होता आणि मागे गवताळ मोकळा प्लॉट.

"हात घसरला," गोटीराम म्हणाला आणि बोटं सदऱ्याला पुसली. त्या सदऱ्याची बटणं आताशा सकाळी त्याची बायको भागीबाईच लावून द्यायची. तिच्याखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. तासभर काम झालं की उजवी मूठ मिटतच नसे.

गोटीराम ज्या क्लबच्या मैदानावर माळी होता, तिथलं जुनं मशीन बंद पडलं होतं. "चालवणार तू, तर निवड तूच कर," असं सेक्रेटरी रविराज साहेब म्हणाले होते. पण गाडीत बसल्यावर त्यांनी हेही सांगितलं होतं, "झेपत नसेल तर आत्ताच बोल, गोटीराम. कंत्राटवाले तयारच आहेत." बावीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच.

"झेपतं की," तो म्हणाला होता.

दुसरं मशीन हायड्रोचं. त्याची चाकं बेल्टवर नाही, तेलाच्या दाबावर फिरतात. गोटीरामने दोन बोटांनी दांडी ढकलली आणि ते मागच्या चढावर सरसर चढून गेलं.

"लोणी आहे, लोणी!" मोतीराम म्हणाला.

साहेब गाडीतून उतरले. "मग हेच घ्यायचं?"

"तासभर चालवून बघतो."

मोतीरामचं हसू गेलं. "तासभर? लग्न जमवताय का?"

ऊन चढलं. गोटीरामने अर्धा प्लॉट कापून काढला. पाय भरून आले, पण मशीन थांबवलं नाही. मग ते पुन्हा चढावर नेलं. निम्म्यावर ते मंदावलं. इंजिन गुरगुरत राहिलं, चाकं मात्र जागची हलेनात. तेल तापून पातळ झालं होतं. मोतीराम दुसरीकडे बघू लागला.

"म्हणजे हे बाद," साहेब म्हणाले. "बेल्टचंच घेऊ."

गोटीराम तारेला टेकलेल्या त्या मशीनकडे बघत राहिला.

"नको साहेब. हेच घ्या."

"अरे, दमतंय ते!"

"दमतंय. पण तासाभरानं अर्धा तास सावलीत उभं केलं, की परत चालतं. बेल्टवालं वळताना हिरवळ ओरबाडतं. हे नाय ओरबाडत."

यात खोटं काहीच नव्हतं. तरी त्याची मान खाली गेली.

साहेबांनी क्षणभर विचार केला. "बरं. तासाला अर्धा तास. मशीन जपायलाच हवं. आणि सोडून कुठं जाऊ नकोस, तिथंच सावलीत बसून राहा."

गोटीरामने मान हलवली. असा अर्धा तास मागायचा कसा, हे बावीस वर्षांत त्याला जमलं नव्हतं. आज मशीनसाठी मागितला, तर लगेच मिळाला.