दोन ओळींतले सारखे शब्द

सीताबर्डीच्या कम्प्युटर क्लासमध्ये रितिकाने सराव दिला होता. दोन ओळी टाइप करायच्या अन् दोन्हींत सारखे असलेले शब्द शोधून दाखवणारा प्रोग्राम लिहायचा. पन्नाशीच्या शामलाताईंनी तो हळूहळू लिहून काढला, दोन ओळी भरल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही.

रितिकाने बाजूला खुर्ची ओढून सगळं तपासलं. "प्रोग्राम तर बरोबर आहे, काकू." मग तिचं लक्ष त्या दोन ओळींकडे गेलं. वर होतं, 'रेखा कवडूजी ढोमणे'. खाली, 'शामला वामनराव इखार'.

"अशी दोन वेगवेगळ्या बायांची नावं टाकली तर सारखं काय भेटन? एकाच माणसाबद्दल लिहा ना काहीतरी."

"एकीचीच आहेत वं. वरचं काटोलचं, बापाच्या घरचं. खालचं लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं."

रितिकाने उगाच पुन्हा एकदा बटण दाबलं. पडदा कोराच राहिला.

"मले वाटलंच होतं," शामलाताई म्हणाल्या, अन् वहीत त्या सरावापुढे त्यांनी बरोबरची खूण केली.