वाटा नसलेली

चिखलात रुतलेलं चाक. दह्यात कालवलेलं जवाचं पीठ. नदीपलीकडे कुणाची तरी कुत्री.

अग्नीसमोर उभी ऊर्णा.

तिने रचलेलं सूक्त कुळातल्या वडीलधाऱ्यांनी दोनदा ऐकून घेतलं होतं. आता निकाल. सभेने नाकारलेलं कुणी म्हणायचं नाही, पाठ करायचं नाही, आणि जे पाठ नाही ते उरत नाही. ऊर्णा गेली की तेही जाणार.

हरिश्रवा, तिच्या वडिलांचा थोरला भाऊ, दाढीतलं पीठ झटकत बोलायला लागला. चाल बरी आहे म्हणाला. पण इंद्राला बोलवावं, अग्नीला बोलवावं. ही सूक्तात बोलणारी बाई कोण, देवांच्याही आधीची? नि सगळं सूक्तभर मी, मी, मी. कुणीतरी म्हणालं, एवढं सगळं हीच करते, तर हिच्या घरी गाई कोण पिळतं? मंडळी हसली.

"असेलही देवांना आई, पोरी," हरिश्रवा म्हणाला. "पण आहुतीत तिचा वाटा कुठला? सगळे वाटून झालेत."

"ती वाटा मागत नाही, तात. सगळ्यांना वाढणारी तीच आहे."

हशा थांबला. हरिश्रवाने नकाराची मान हलवली. मग बाकीच्यांनीही.

ऊर्णा बसली नाही. तिने सूक्त पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, खड्या आवाजात. अग्नीपुढे म्हणणाऱ्याला कुणी अडवत नाही. मधल्या एका ऋचेत, अर्ध्या ओळीवर ती थांबली आणि खाली बसली.

अग्नीपुढे सुरू केलेलं अर्धवट राहिलं तर गाई गाभडतात, वासरं पोटातच मरतात.

"पुरं कर," हरिश्रवा म्हणाला.

"कुणी म्हणायचं नाही असं आत्ताच ठरलं ना?"

"ऊर्णे, गोठा भरलाय गाभण गाईंनी."

"मग तुम्ही म्हणा. ऐकलंय की दोनदा."

जाळ खाली बसत चालला. हरिश्रवाने दात खाल्ले, डोळे मिटले आणि तिने सोडलं तिथूनच उचललं. एक स्वर चुकला नाही. पुढच्या ऋचेला शेजारचा मिळाला, मग त्याच्या पलीकडचा. शेवटी पिकल्या दाढ्यांची ती सगळी सभा एका सुरात अग्नीला सांगत होती, देवांना पहिलं दूध मीच पाजलं.

त्या दिवशी सकाळी ते सूक्त एकट्या ऊर्णेला येत होतं.