घशाखाली

दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबराचे बँड लावले आणि लेकाच्या रक्ताच्या उलट्या थांबल्या. त्याला वर्षं झाली, पण अजूनही जेवताना त्याचा घास अडकतो.

अडकला की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू, "दारू बरी सरळ उतरायची घशाखाली!" तो मान खाली घालून म्हणतो, "चुकलंच माझं, आई."

आज तपासणीला तीही आली. पडद्याबाहेर बाकावरच्या बाईला "दारूनं लिव्हर खाल्लं हो पोराचं" असं सांगत होती, तेवढ्यात आतून डॉक्टर करवादले, "आयुष्यात थेंब घेतला नाहीत, मग दारुडा का म्हणवून घेता? लिव्हर खाणारी ही कावीळ तुम्हाला जन्मतानाच आईकडून आलीय, हे घरी सांगून टाका की!"


"हळू बोला, डॉक्टर. आई बाहेरच बसलीय."